ठाणे-नवी मुंबईत वीज कंपनी एकच, मग बिलात फरक कशाने पडतो?

बोरिवली किंवा चेंबूरमधल्या घरगुती ग्राहकाला टाटा पॉवरची वीज घ्यावी की अदानीची, असा प्रश्न पडू शकतो. घोडबंदर रोडवर, वाशीत किंवा खारघरला हा प्रश्न येत नाही. इथे घराघरात पोचलेली तार महावितरणची आहे. तरीही एकाच इमारतीतल्या, एकाच आकाराच्या दोन घरांच्या बिलांत दुपटीचा फरक दिसतो आणि बऱ्याचदा हा फरक वापरातल्या फरकापेक्षाही मोठा असतो. कंपनी आपल्या हातात नसली, तरी कोणतं युनिट कोणत्या भावाने आणि कोणत्या मीटरवर पडतं, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आधी आपण नेमके कुणाचे ग्राहक आहोत ते पाहू. वीज कंपन्यांच्या हद्दी महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दींशी जुळत नाहीत. मुलुंड आणि भांडुप मुंबईत असले तरी तिथे महावितरण आहे. उलट मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असूनही ते बीएसईएस या जुन्या वीज कंपनीच्या क्षेत्रात होतं. पुढे ते रिलायन्सकडे गेलं आणि २०१८ पासून अदानीकडे आहे. त्यामुळे घोडबंदर रोडने काशीमिऱ्याकडे घर बदललं, तर जिल्हा तोच राहतो, पण वीज कंपनी आणि दरपत्रक दोन्ही बदलतात.

शीळ, मुंब्रा आणि कळव्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे १ मार्च २०२० पासून टोरेंट पॉवर काम पाहते, भिवंडीत २००७ पासून. बिलावर टोरेंटचं नाव असल्यामुळे अनेकांना तिथला दर वेगळा वाटतो. तसं नाही. टोरेंट ही महावितरणची फ्रँचायझी आहे. वितरणाचा परवाना महावितरणकडेच आहे आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलाच दर तिथे लागतो. मीटर, वसुली, दुरुस्ती आणि रोजच्या तक्रारी मात्र टोरेंटकडे. कळव्याहून ठाण्यात घर बदललं म्हणून घरगुती वीज स्वस्त किंवा महाग होत नाही.

दुसरी कंपनी आली तर?

विद्युत कायदा २००३ च्या कलम १४ नुसार एकाच भागात एकाहून जास्त कंपन्यांना वितरणाचा परवाना देता येतो. याच तरतुदीखाली २०२२ मध्ये अदानी समूहातल्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यासाठी अर्ज केला. त्याला विरोध म्हणून जानेवारी २०२३ मध्ये राज्यातल्या वीज कर्मचाऱ्यांनी संप केला होता. तेव्हापासून ‘नवी कंपनी आली की बिल निम्मं’ असं सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतं. कुणी अर्ज भरून घ्यायला दारात आलं, तर त्या कंपनीकडे तुमच्या भागाचा परवाना आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय सही करू नका आणि पैसेही देऊ नका.

मुंबईचा अनुभव इथे उपयोगी पडतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला उपनगरांतही थेट घरगुती ग्राहकांना वीज विकता येईल असा निकाल दिला. २००९ पासून तारा रिलायन्सच्या आणि वीज टाटाची, अशी सोय सुरू झाली. वहन आकार, म्हणजे तारांच्या वापराचे पैसे, मात्र तार ज्याची त्यालाच द्यावा लागे. पुढे कंपनी बदललेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडीचा (एका गटाच्या स्वस्त दराचा भार दुसऱ्या गटाने उचलण्याचा) अधिभार आणि जुन्या कंपनीच्या थकलेल्या येण्याची वसुलीही आली. पहिल्या वर्षी दिसलेला फायदा कायम राहीलच असं नसतं, हे त्यातून अनेक घरांना कळलं.

म्हणून दोन कंपन्यांची तुलना कधी करायची वेळ आली, तर प्रतियुनिट एकच आकडा घेऊन करू नका. मागच्या १२ महिन्यांची युनिट बिलावरून उतरवून घ्या. प्रत्येक महिना वेगळा धरून दोन्ही दरपत्रकांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या टप्प्यांत, बसवा. वर्षाची बेरीज करून १२ ने भागलेली सरासरी इथे फसवते, कारण मे महिन्यातली ४५० युनिटं आणि जानेवारीतली १५० युनिटं यांचा भाव एक नसतो. मग स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचा) आणि शेवटी वीज शुल्क मिळवा. सबंध राज्यात घरगुती वीज शुल्क १६ टक्केच असल्यामुळे त्यात कंपनीप्रमाणे फरक पडत नाही, पण ते बाकीच्या आकारांवर लागतं, म्हणून शेवटी मिळवायचं.

बिलाचा खरा सांगाडा

महावितरणच्या घरगुती बिलात चार स्लॅब आहेत: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. दर बदलत राहतात. १ जुलै २०२५ पासून नवे दर लागू झाले आणि पुढेही बदलतील. रचना समजून घ्यायला २०२४-२५ चे दर घेऊ, कारण त्या वर्षाची बिलं बहुतेकांच्या घरी असतील आणि हिशोब पडताळून पाहता येईल. त्या वर्षी वीज आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता. प्रत्येक युनिटावर १.१७ रुपये वहन आकार होता. दोन्हींची बेरीज करून त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवलं, तर एका युनिटाचा भाव असा पडतो:

पहिल्या १०० मधलं युनिट: ६.८२ रुपये
१०१ ते ३०० मधलं: १३.२९ रुपये
३०१ ते ५०० मधलं: १८.२४ रुपये
५०० च्या वरचं: २०.६६ रुपये

यात इंधन समायोजन आकार धरलेला नाही, तो महिन्यागणिक बदलतो. स्थिर आकारही यात नाही. तो एक युनिटही न वापरता लागतो आणि थ्री-फेज जोडणीला सिंगल-फेजच्या तिपटीहून जास्त असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘३०० च्या वर गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो’ असं अनेकजण मानतात. ते खरं नाही. ३०१ वं युनिट महाग पडतं, आधीची ३०० आपापल्या स्लॅबच्याच भावाने राहतात. त्यामुळे २९९ वर थांबायची धडपड करण्याची गरज नाही. मात्र वरचं प्रत्येक युनिट किती महाग आहे ते लक्षात ठेवा. २९० युनिटांच्या घरात वापर ३४० वर गेला, तर त्या ५० युनिटांचा वीज आकार, वहन आकार आणि शुल्क मिळून सुमारे ८६२ रुपये होतात. सरासरी काढून ‘आमच्याकडे युनिट अकराला पडतं’ असं म्हणणाऱ्या घरालाही ती ५० युनिटं १७ रुपयांच्या वरच पडलेली असतात.

बचतीचा प्रत्येक निर्णय याच शेवटच्या युनिटाच्या भावाने तोलायला हवा. साधा पंखा ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालला, तर महिन्याला सुमारे २० युनिटं वाचतात. ३०० ते ५०० च्या स्लॅबमधल्या घरात ते ३६५ रुपयांच्या आसपास जातात आणि पंख्याची किंमत एका वर्षाच्या आत निघते. १०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घरात तोच पंखा महिन्याला १३८ रुपयेच वाचवतो. दुकानदाराने सांगितलेली ‘वर्षात वसूल’ ही गोष्ट तुमच्या स्लॅबवर अवलंबून असते. एसी घेतानाही ताऱ्यांच्या लेबलवर लिहिलेली वर्षाची युनिटं पाहा. ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. दोन मॉडेलांमधला युनिटांचा फरक तुमच्या उन्हाळ्यातल्या वरच्या स्लॅबच्या भावाने गुणा, म्हणजे जास्तीची किंमत द्यायची की नाही ते ठरवता येईल.

दिवसाची स्वस्त वेळ

टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर, बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली आणि ती पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाते. ही सवलत घ्यावीच, पण तिची अपेक्षा फार ठेवू नये. दिवसा ७० युनिटं वापरणाऱ्या घराचे ८० पैशांनी ५६ रुपये आणि त्यावरचं शुल्क वाचतं. फ्रिज आणि दुपारचे पंखे यांची सवलत काहीही न करता मिळते. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर, घरी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर यांची वेळ हलवता आली तर हलवा. सवलत आहे म्हणून दुपारी जास्तीचा एसी चालवून फायदा होत नाही, कारण युनिटं वाढली की स्लॅब चढतो आणि ८० पैशांची सवलत त्यात वाहून जाते.

बाकीच्या छोट्या सवलती झटकन सांगून टाकतो. बिलावर छापलेल्या तत्पर भरण्याच्या तारखेपूर्वी पैसे भरले तर १ टक्का सूट. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. कागदी बिल बंद करून गो-ग्रीन घेतलं तर बिलामागे १० रुपये. देय तारीख चुकली तर उलट सव्वा टक्का विलंब आकार आणि पुढे थकबाकीवर व्याज.

कोणता मीटर, कोणता वर्ग

नवी मुंबईतल्या गावठाणांत, म्हणजे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तळवली, करावे या गावांतल्या चाळी आणि चारमजली इमारतींत, एका मीटरवर तीन-चार भाडेकरू असणं सर्रास आहे. घरमालक सबमीटर लावून युनिटमागे ठरावीक पैसे घेतो. चार खोल्यांचा वापर प्रत्येकी ९० युनिटं असेल, तर वेगळ्या मीटरवर ती सगळी पहिल्या स्लॅबमध्ये बसली असती. एका मीटरवर ३६० युनिटं होतात आणि त्यातली २६० दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लॅबमध्ये पडतात. घरमालक जास्त पैसे घेतो असं भाडेकरूला वाटतं, पण त्यातला मोठा भाग स्लॅबचाच असतो. विद्युत कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जोडणी मागण्याचा हक्क मालकाइतकाच तिथे राहणाऱ्यालाही आहे. भाडेकरार आणि मालकाची संमती असेल तर अर्ज सोपा जातो. स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र वायरिंग असलेल्या खोलीला स्वतःचा मीटर घेणं बहुतेक भाडेकरूंना वर्षभरात परवडतं.

वर्गवारीचीही एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. घरात शिकवणी, शिवणकाम, छोटं ऑफिस किंवा डबे बनवण्याचं काम असेल, तर लगेच व्यावसायिक दर लागत नाही. वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर घराच्या एका भागातला असा व्यवसाय घरगुती दरातच बसतो. त्याहून जास्त वापर असेल, तर त्या भागाला वेगळा व्यावसायिक मीटर घ्यावा. नाहीतर तपासणीत सगळ्या घराची वीज व्यावसायिक दराने आकारली जाते आणि मागची वसुलीही लागते. इलेक्ट्रिक गाडी घरच्या मीटरवरून चार्ज केली तर तो वापरही घरगुती दरातच येतो.

मोठं गणित सोसायटीच्या कॉमन मीटरचं आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांना निवासी सोसायटीत घरगुतीच दर लागतो, पण एका मीटरला स्लॅब एकदाच मिळतात. शंभर फ्लॅटच्या टॉवरच्या कॉमन मीटरवर २००० युनिटं पडली, तर त्यातली १५०० सरळ सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जातात. २०२४-२५ च्या दराने स्थिर आकार आणि इंधन समायोजन सोडून त्याचं बिल ३७,९०० रुपयांच्या पुढे जातं. म्हणून घरातला दिवा बदलण्याआधी सोसायटीने पंपाचा आणि टाकीच्या फ्लोटचा विचार करावा. टाकी भरून वाहत असताना चालणारा पंप २० रुपयांच्या वरची युनिटं खातो.

सौर: कुणाच्या छतावर पैसे लवकर निघतात

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती छतासाठी पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने महिन्याला ११० ते १२० युनिटं मिळतात. जून ते सप्टेंबरमध्ये इथल्या पावसात उत्पादन बरंच घटतं, त्यामुळे उन्हाळ्यातल्या महिन्यावरून सबंध वर्षाचा अंदाज काढणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका.

सौर युनिटं बिलातून वजा होतात ती वरच्या स्लॅबपासून. ३४० युनिटांच्या घरात एका किलोवॉटची ११० युनिटं महिन्याला सुमारे १,६६० रुपये वाचवतात. १०० युनिटांच्या घरात ती ७०० रुपयांपर्यंतही जात नाहीत. सोसायटीच्या कॉमन मीटरवर १० किलोवॉटचा संच ११०० युनिटं देत असेल, तर ती सगळी २०.६६ रुपयांच्या स्लॅबमधून कमी होतात आणि महिन्याला २२,७०० रुपयांच्या आसपास वाचतात. ठाणे-नवी मुंबईत सौर ऊर्जेचा सर्वांत चांगला उपयोग टॉवरच्या गच्चीवर, कॉमन मीटरला जोडून होतो. वैयक्तिक फ्लॅटधारकाने गच्चीचा वाटा मागण्यापेक्षा हा ठराव सर्वसाधारण सभेत आधी करून घ्यावा.

काम देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: पॅनेल आणि इनव्हर्टरची वॉरंटी वेगवेगळी, वर्षाला मिळणाऱ्या युनिटांची हमी आणि नेट मीटर (ग्रीडमधून घेतलेली आणि ग्रीडला दिलेली, दोन्ही युनिटं मोजणारा) बसेपर्यंतची जबाबदारी कुणाची. पॅनेल बसले आणि नेट मीटर नाही, अशा अवस्थेत ग्रीडला गेलेल्या युनिटांचा तुम्हाला उपयोग होत नाही. शेजारच्या टॉवरची सावली दुपारी दोननंतर कुठे पडते हे डिसेंबरमध्ये पाहा. त्या महिन्यात सावली सर्वांत लांब असते.

बिल अचानक वाढलं तर

बिल वाढलं की पहिला संशय मीटरवर जातो. बहुतेक वेळा कारण बिलाच्या कागदावरच सापडतं, म्हणून तिथून सुरुवात करा. चालू रीडिंगच्या फोटोतला आकडा तुमच्या मीटरशी जुळतो का आणि मीटर क्रमांक तुमचाच आहे का, ते पाहा. नव्या टॉवरमध्ये मीटर रूममधले दोन मीटर एकमेकांच्या फ्लॅटला जोडले जाण्याचा प्रकार घडतो. तो ओळखायला फ्लॅटचा मेन एमसीबी, म्हणजे मुख्य स्विच, बंद करा आणि खाली जाऊन पाहा, तुमच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का. लुकलुकत असेल, तर त्या मीटरवरून दुसरं कुणीतरी वीज घेतंय किंवा मीटरमध्ये दोष आहे.

आता मेन चालू ठेवून घरातली सगळी उपकरणं बंद करा, फ्रिज आणि राउटरही. अनेक घरगुती मीटर एका युनिटाला ३२०० वेळा लुकलुकतात. आकडा मीटरवर छापलेला असतो. ३२०० च्या मीटरसाठी ११२५ ला दोन लुकलुकण्यांमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणीचा वापर वॉटमध्ये मिळतो. सगळं बंद असताना दर दहा सेकंदांनी लुकलुक होत असेल, तर ११२ वॉट कुठेतरी जातायत, म्हणजे महिन्याला ८० युनिटं. ओल धरलेल्या भिंतीतली गळती किंवा गीझरचं खराब झालेलं एलिमेंट ही नेहमीची कारणं आहेत.

तिसरं कारण इलेक्ट्रिशियनलाही पटकन सुचत नाही. आजचे मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि ज्यात जास्त प्रवाह असेल तो धरतात. इनव्हर्टर बसवताना किंवा जुन्या इमारतीत वायर टाकताना शेजाऱ्याचं न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला जोडलं गेलं असेल, तर त्याचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परत येतो आणि तुमचा मीटर तो मोजतो. अशा वेळी मीटरवरचा अर्थिंगचा किंवा गळतीचा दिवा बहुधा पेटलेला असतो. दोन्ही घरांची न्यूट्रल वेगळी करणं हाच उपाय. नंतर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला की ही चूक पुन्हा झाली तर तो लगेच पडतो.

रीडिंग घेणारा मीटरपर्यंत पोचू शकला नाही तर बिलावर ‘लॉक’ असा शेरा येतो आणि सरासरी बिल येतं. तीन महिन्यांनी खरं रीडिंग आलं की एकदम मोठा आकडा दिसतो. इथे स्लॅबचा फायदा महिन्यांत वाटून मिळायलाच हवा, म्हणून हिशोब करून पाहा. महिन्याला २५० युनिटं वापरणाऱ्या घराला तीन महिन्यांची ७५० युनिटं एकाच महिन्यात धरून लावली, तर २०२४-२५ च्या दराने वीज आकारात ३,५५५ रुपयांचा आणि शुल्क धरून ४,१२४ रुपयांचा जास्तीचा बोजा पडतो. असं बिल आलं तर आधीच्या सरासरी बिलांची रक्कम वजा झाली का, आणि स्लॅब किती महिन्यांचे धरले, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

घर घेताना, भाड्याने देताना

एप्रिल-मेच्या आसपास एक वेगळं बिल येतं आणि त्याने गोंधळ उडतो. ते सुरक्षा ठेवीचं असतं. ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेवावी लागते. वर्षभरात बिल वाढलं असेल तर फरक मागितला जातो. या ठेवीवर व्याज मिळतं आणि ते बिलात जमा होतं, म्हणून ही रक्कम वाया गेली असं समजू नका. घर विकताना मात्र ती आठवणीने मागा किंवा करारात नव्या मालकाकडून तिची रक्कम घेऊन ती त्याच्या नावावर करा.

उलवे, द्रोणागिरी, तळोजात गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि वर्षानुवर्षं बंद असलेले फ्लॅट खूप आहेत. वापर शून्य असला तरी स्थिर आकार सुरूच असतो. तो थकला की आधी पुरवठा तात्पुरता तोडला जातो आणि पुढे कायमचा. पुनर्विक्रीचा फ्लॅट घेताना आधीच्या मीटरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी नाही हे आधी तपासा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. विक्री करारात ‘वीज बिल आजपर्यंत भरलेलं आहे’ एवढं वाक्य पुरत नाही, शेवटचं बिल आणि पावती जोडून घ्या.

तक्रार कोणत्या वाटेने

पुरवठा खंडित असेल तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या क्रमांकांवर कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. बिलाचा वाद असेल तर फोनवर समाधान मानू नका, उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तिथे सुटलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. ठाणे आणि नवी मुंबईचा बहुतेक भाग भांडुप परिमंडळाच्या मंचाखाली येतो, तर डोंबिवली-बदलापूरकडचा कल्याणच्या. वकिलाची गरज नसते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मंचाचा निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. कंपनीने अचानक जुनी वसुली काढली असेल, तर कलम ५६(२) पाहा: दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम बिलात सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठी पुरवठा तोडता येत नाही. त्यासाठी मागच्या दोन-तीन वर्षांची बिलं एका जागी ठेवलेली असावी लागतात. महावितरणच्या ॲपवर जुनी बिलं मिळतात, ती पीडीएफ करून आजच उतरवून ठेवा.